साबणाचं शेपूट

मुलीकडे कायमची राहायला येऊन मला आठवडा झाला होता. मी तेलकट कढई घासत होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी माझी लेक शेजारी उभी होती.

"आई, साबणाच्या कणाच्या डोक्याला पाण्याची ओढ असते, पण शेपूट पाण्यापासून पळतं. म्हणून ते कण आधी पाण्यावर शेपट्या हवेत काढून उभे राहतात. तिथली जागा भरली की पाण्यात गोल घोळका करतात आणि शेपट्या आत लपवतात."

"म्हणजे त्याला पाणी हवंय की नकोय?"

"दोन्ही."

गावचं घर विकायचं का, या तिच्या प्रश्नाला मी सकाळी 'हो' म्हणाले होते आणि जेवताना 'नाही'.

"मला कळतच नाही गं," मी म्हणाले.

"मग घर राहू दे. आणि तूही इथे राहा."

मला हायसं वाटलं. मग रडू का आलं, ते अजून समजलेलं नाही.