सहा कामट्यांची काठी

आरा मशीन सुरू करायच्या आधी दौलत तिला एक शिवी द्यायचा. रोज नवी. दसऱ्याला आम्ही वर्कशॉपातल्या सगळ्या यंत्रांना हार घालून नारळ फोडायचो, तेव्हा हा बाहेर बिडी ओढत बसायचा. "नारळ फोडला का मशीन माजते," म्हणायचा. "तिले रोज सकाळी तिची लायकी सांगा लागते." एवढं करून त्याची दहाही बोटं शाबूत होती. नारळ फोडणाऱ्या आमच्या फोरमनची साडेआठ.

ही गोष्ट साठ-एकसष्टची, राजूरकडच्या एका कोळसा खाणीतली. मी वर्कशॉपात कारकून होतो, वय चोवीस, शर्टाला कडक इस्त्री. दौलत पन्नाशीचा. घराणं बुरुडांचं, बाप टोपल्या-सुपं विणायचा. हा मात्र खाणीत टेकू म्हणून लावायची लाकडं आऱ्यावर कापायचा, आठ वर्षं, रोजंदारीवर. कायम होण्याची त्याला फार ओढ होती. कायम झालं की राहायला खोली मिळायची, आणि उद्या ये की येऊ नको हे कोणी सांगायचं नाही. "आठ वर्सं झाली, अजून मी पाहुणाच," म्हणायचा. "एवढ्या दिसात घरजावाई बी मालक होते."

खाणीच्या मॅनेजर साहेबांना गळ टाकून मासे धरायचा नाद होता. त्यांची विलायती काठी त्यांच्याच जीपच्या दारात सापडून मोडली. ती बांबूचीच होती, पण अख्ख्या बांबूची नव्हे. सहा त्रिकोणी कामट्या एकमेकींना चिकटवून केलेली. दौलतने तुकडा डोळ्यापाशी धरला आणि म्हणाला, हे तर आमच्या घरचं काम, गोऱ्यानं फक्त सरस लावला. साहेब हसले. अशी काठी करून दिलीस तर तुला कायम करतो, म्हणाले.

हाताने काढलेल्या कामट्या सारख्या जाडीच्या येईनात. मग त्याने आऱ्याच्या टेबलावर तिरकी खाच पाडलेली सागाची फळी ठोकली आणि बांबूच्या चिरफळ्या त्या खाचेतून सरकवू लागला. पहिल्या दिवशी आऱ्याने त्यांचा भुसा केला. दुसऱ्या दिवशी त्या करपून धूर निघाला. फोरमनने विचारलं, कसला स्वयंपाक चाललाय. दौलतने सांगितलं, तुमच्या तेरवीचा. मग त्याने बारीक दातांचं पातं बसवलं. महिन्याभराने सहा कामट्या अशा निघाल्या की जुळवल्यावर मधून केस जाईना. सरस लावून, दोऱ्याने आवळून त्याने त्या वाळत ठेवल्या. "सहा भाऊ एका जागी नांदतात ते इथंच," म्हणाला. "अन् ते बी बांधून ठेवले म्हणून."

त्याचा एकच नियम होता. बांबू आतून हवा तेवढा तासायचा, बाहेरच्या सालीला यंत्र लावू द्यायचं नाही. "सगळा जोर पाठीत असते, बाबू. पाठ सोलली का मंग तो बांबू नाही, गवत."

हे मी पन्नास वेळा ऐकलं होतं.

रविवारी नागपूरचे मोठे साहेब येणार होते. शनिवारी काठी बंगल्यावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. दौलत दुपारी जेवायला घरी गेलेला. काठी दणकट होती, पण पेरांच्या जागी खडबडीत आणि रंगाला मळकट. मोठ्या साहेबांपुढे ही गावठी दिसेल, असं मला वाटलं. चकचकीत करून नेली तर थोडं नाव आपलंही होईल, असंही वाटलं. विजेच्या चाकावर सँडपेपर होता. मी काठी त्यावर धरली. पाच मिनिटांत ती लोण्यासारखी गुळगुळीत झाली. वर तेलाचा हात फिरवला आणि दौलत यायच्या आत देऊन आलो.

रविवारी वर्धा नदीवर गळाला मोठा रोहू लागला. काठी वाकली, आणखी वाकली आणि कडकन मोडली. मासा अर्धी काठी घेऊन गेला. मोठे साहेब पोट धरून हसले. आमच्या साहेबांचे कान लाल झाले.

सोमवारी त्यांनी उरलेला तुकडा दौलतसमोर टाकला. त्याने त्यावरून बोट फिरवलं. पाठ कोणीतरी सोलली आहे, म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"यानंच घासली असेल, साहेब," मी म्हणालो. "मी फक्त पोचवली."

दौलत माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिला. शर्ट शनिवारचाच होता, बाहीच्या घडीत बांबूचा भुसा होता.

"बाबू मॅट्रिक आहे, साहेब," तो म्हणाला. "तो म्हणते तं म्याच घासली असन."

उद्यापासून येऊ नको, असं त्याला तिथेच सांगितलं गेलं.

सहा-सात वर्षांनी उमरखेडच्या बाजारात तो सुपं विकताना दिसला. मी तोवर कायम झालो होतो, खोलीही मिळाली होती. त्याच्या शेजारी उकिडवा बसून मी सगळं कबूल केलं. मधे त्याने एका बाईला सूप दिलं, जुनं परत घ्यायला नकार दिला, मग माझ्याकडे वळला.

"हे मले कायले सांगून राह्यला, बाबू? मले तं त्याच दिवशी मालूम होतं. वर्कशॉपात सांग न. तिथं आज बी म्हणत असतीन, दौल्याची काठी मोडली."

सांगतो, म्हणालो. त्यानंतर मी त्याच वर्कशॉपात पंचवीस वर्षं काढली. दौलतच्या काठीचा किस्सा तिथे नव्या लोकांना हमखास ऐकवला जायचा. मीही हसायचो. तो वारल्याचं कळलं त्या आठवड्यातही हसलो.

आता तिथलं कोणी भेटत नाही, म्हणून इथे लिहितो. दौलतने काठी चोख केली होती. पाठ मी सोलली.