भिंत पाडायला माणूस पाहिजे

समोर येईल त्या वस्तूवर मधल्या बोटाचं पेर आपटून अण्णा कान लावायचे. कलिंगड असो, फरशी असो, देवळाचा खांब असो. मग मान हलवून निकाल द्यायचे, "भरीव आहे," किंवा "पोकळ आहे, भो." मी सिल्वासात राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून कपाट उतरवत होतो. शेजारच्या दारातून एक किरकोळ अंगाचे गृहस्थ आले. त्यांनी आधी कपाट वाजवलं, मग माझी पाठ वाजवली. "कपाट पोकळ आहे," ते म्हणाले. पाठीबद्दल काहीच बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस मला त्याची रुखरुख लागून राहिली होती.

अण्णा मूळचे भुसावळकडचे. मसाटच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, तिथेच ते क्वालिटीचे साहेब होते. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या बादल्या व्हायच्या आणि अण्णांनी वाजवल्याशिवाय एकही खेप फाटकाबाहेर जायची नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नवे कारखाने निघत होते आणि त्यांच्यामागून आमच्यासारखी माणसं येत होती. धुळ्याची, नाशिकची, पुण्याची, कुठकुठची. गावाकडे गवंडी निवडायचा नसतो, तो असतोच. त्याच्या बापाने आपल्या बापाचं घर बांधलेलं असतं. सिल्वासात मात्र गवंडीही कालच आलेला आणि घरमालकही कालच आलेला. कोणाचा बाप कोणाला ठाऊक नाही. अण्णांची खरी अडचण इथून सुरू झाली.

आमची जोडघरं होती. मधली भिंत सामाईक. अण्णांच्या बिल्डरने स्वयंपाकघराचं दार अशा जागी ठेवलं होतं, की ते आत उघडलं की थेट वहिनींच्या पाठीवर यायचं. म्हणून येणाऱ्याने बाहेरून "आलो" म्हणायचं. वहिनींनी ओट्यापासून सरकून मोरीत उभं राहायचं. मग येणाऱ्याने दार उघडून आत यायचं, दार लावायचं आणि वहिनींनी मोरीतून बाहेर यायचं. नवा पाहुणा या कवायतीला बिचकायचा. जुने सरावले होते. मागच्या भिंतीपलीकडे पडवी होती, उजेडाची, वाऱ्याची, अगदी रिकामी. ती एक भिंत पाडली की प्रश्न मिटत होता. भिंत पाडायला फक्त एक भरवशाचा माणूस पाहिजे होता.

पहिला कॉन्ट्रॅक्टर वापीहून आला. हातात ब्रीफकेस. "आप चिंता मत करो, सेठ," तो बसता बसता म्हणाला. अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "अजून मी चिंता सुरूही केली नव्हती," ते मला म्हणाले. "ह्याला कसं कळलं करावी लागणार?"

दुसरा गुजराती होता, हसतमुख. प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच उत्तर होतं, "थई जशे," म्हणजे होऊन जाईल. अण्णांना संशय आला.

"इथे एक विहीर खणायची आहे," त्यांनी ओट्याखाली बोट दाखवलं.

"थई जशे, साहेब."

"आणि पडवीत हत्ती बांधायचा आहे."

त्याने पडवी नीट निरखली. "थई जशे. पण बारणुं मोटुं करवुं पडशे."

दार मोठं करावं लागेल हे त्याला सुचलं, म्हणून अण्णा क्षणभर विरघळले होते. पण शेवटी तोही गेला.

तिसऱ्याने आपण आधी केलेल्या कामाचा पत्ता दिला. गलोंड्यातलं एक घर. रविवारी सकाळी अण्णांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. त्यांच्या खिशात एक गोटी होती, मोरीचा उतार तपासायला.

आम्ही दार वाजवायच्या आतच ते उघडलं. "या, या! वाटच बघत होतो," धोतर नेसलेले यजमान म्हणाले. सतरंजी अंथरलेली होती. पोह्यांच्या बशा आल्या. कॉन्ट्रॅक्टरने आधीच निरोप दिलेला दिसतो, असं अण्णांनी माझ्या कानात सांगितलं.

"आधी आतलं दाखवा," अण्णा यजमानांना म्हणाले. "बाहेरून सगळंच छान दिसतं."

यजमान जरा गडबडले. "दाखवतो की. तयारी चालू आहे."

"किती वर्षं झाली?"

"बाविसावं लागलंय."

"बावीस!" अण्णा चमकले. "दिसत नाही हो. पावसाळ्यात काही त्रास?"

"थोडी सर्दी होते. एरवी काही नाही."

"ओल धरते," अण्णांनी मला समजावलं. "धरणारच. वय झालं."

एवढ्यात आतून एक मुलगी खाली मान घालून चहाचा ट्रे घेऊन आली. जरीची साडी, केसांत गजरा. अण्णांनी कप उचलला आणि प्रेमाने विचारलं, "बाई, मोरी कुठे आहे?" तिने घाबरून बोट दाखवलं. अण्णा उठून आत गेले.

यजमान माझ्याकडे सरकले. "हे मुलाचे वडील का?"

"नाही, शेजारी."

"आणि मुलगा?"

"कोणाचा मुलगा?"

तेवढ्यात अंगणात जीप थांबली आणि मुलाकडची खरी मंडळी उतरली. मोरीतून गोटी घरंगळल्याचा, मग टक-टक वाजवल्याचा आवाज येत होता. अण्णा हात पुसत बाहेर आले. दोन्ही बाजूची माणसं त्यांच्याकडे पाहत होती. ते खणखणीत आवाजात म्हणाले, "एक नंबर आहे. डोळे झाकून होकार द्या."

लग्न ठरलं. आम्हाला आमंत्रणही आलं.

कॉन्ट्रॅक्टर मात्र नापास झाला. "कडेचं सिमेंट पुसलेलं नाही," अण्णा परतताना म्हणाले. "काम झाल्यावर मागे वळून न बघता गेलेला माणूस."

"मग तिथे एक नंबर का म्हणालात?"

"पाहुण्यांसमोर घराला नावं ठेवायची का, भो?"

असे आले किती आणि गेले किती. सगळ्यांना चहा मिळाला, पोहे मिळाले, काम कोणालाच मिळालं नाही. आमच्या कारखान्यात अण्णांची नक्कल करणारे दोघंतिघं होते. मीही हसायचो. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेलो, "आलो" म्हणून दार उघडलं आणि मोरीत उभ्या असलेल्या वहिनींना विचारलं, "वहिनी, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

त्या तिथूनच बोलल्या. अण्णा लहान असताना त्यांच्या वडिलांनी स्वयंपाकघराचं छप्पर एका नात्यातल्या ठेकेदाराकडे दिलं होतं. त्याने पत्रे उतरवले, उद्या येतो म्हणाला आणि पुन्हा आलाच नाही. पाऊस लागला. तो सबंध पावसाळा सासूबाईंनी छत्रीखाली स्वयंपाक केला.

"छत्री हे धरायचे," वहिनी म्हणाल्या. "शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि छत्री धरायची. स्वतः भिजायचे. पण चूल विझू दिली नाही म्हणे. आता सांगा भावोजी, ह्यांना घाई करा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

मी साखर न घेताच घरी आलो.

मग राखोलीहून एक मिस्त्री आला. नवापूरकडचा, बोलायला कमी. कामगारांच्या खोल्या बांधायचा. चहा नको म्हणाला. अण्णांनी विचारलं, "भिंतीत काय निघेल?"

"म्हाईत नाही, सायेब. फोडल्यावर कळंल."

"वेळ किती लागेल?"

"त्ये बी फोडल्यावर."

"वरचा स्लॅब धरेल ना?"

"बघावं लागंल. टेकू देऊन बघू."

अण्णांचा चेहरा असा उजळला, जणू मुलगा पास झाला. मिस्त्री गेल्यावर त्यांनी पेढे आणले आणि आमच्याकडे वाटीत घालून दिले. "इतक्या वर्षांत पहिला माणूस 'माहीत नाही' म्हणाला!"

ठरल्या दिवशी मिस्त्री आला नाही. त्यानंतरही आला नाही. अण्णा रोज सकाळी पडवी झाडून त्याची वाट बघायचे. शेवटी आम्ही राखोलीला गेलो. दमणगंगेच्या काठाला तो घमेली धूत बसला होता. आम्हाला पाहून उभा राहिला, हात पुसले आणि सरळ म्हणाला, "सायेब, तुमचं काम नाही करनार."

"का?"

"मी बी चौकशी करूनच घराचं काम घेतो. तुमची केली. कारखान्यात विचारलं, वापीवाल्याला विचारलं. समदे म्हनले, मानूस लई चांगला." तो जरा थांबला. "पन तुम्ही नापास. पहिल्या घावाला तुम्ही माजा हात धरनार. मंग मी अर्धी भिंत टाकून गेलो तर लोक माज्याच नावानं बोलनार."

अण्णांनी वाद घातला नाही. त्यानंतर त्यांनी वाजवणंच सोडलं. कारखान्यात बादल्यांच्या खेपा समोर यायच्या आणि ते नुसती सही करायचे. नक्कल करणाऱ्यांनीही नक्कल बंद केली. वहिनी म्हणाल्या, जेवत नाहीत. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

वहिनींनी मग साडी बदलली, शेअर रिक्षात बसल्या आणि एकट्या राखोलीला गेल्या. काय बोलल्या ते मी नंतर विचारलं. "मी म्हटलं, मिस्त्री, भिंत तुम्ही सांभाळा, ह्यांना मी सांभाळते." मिस्त्रीने एकच अट घातली: काम चालू असताना सायेब घरात नकोत.

म्हणून कामाच्या दिवशी अण्णा आमच्या घरी आले. वहिनींनी डबा बांधून दिला होता, जणू ते परगावी निघाले होते. थोडा वेळ बाहेर बसले, मग आत सरकले आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या सामाईक भिंतीला कान लावून उभे राहिले. माझी बायको त्यांना वळसा घालून पोळ्या करत होती. पलीकडे घाव पडायला लागले.

"विटेला लागला," अण्णा सांगायचे. "हा गिलाव्यावर... थांबला. का थांबला?"

"पाणी पीत असेल."

"एवढ्यात?"

त्यांना काहीतरी काम द्यावं म्हणून बायकोने त्यांच्या हातात लाटणं दिलं. ते त्यांनी नुसतंच छातीशी धरून ठेवलं. घाव पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ काही ऐकू आलं नाही. अण्णांनी माझं मनगट पकडलं. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. वहिनी हसत होत्या.

"अहो! इकडे या!"

अण्णा अनवाणी धावले, लाटण्यासकट. मागोमाग आम्ही.

कोणी "आलो" म्हणालं नाही, पण वहिनी आधीच मोरीच्या उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होत्या. मिस्त्री हातोडा खाली ठेवून भिंतीकडे बघत उभा होता. विटांचा एक पातळ थर उतरला होता आणि त्यामागे दार होतं. चौकटीसकट, कडीसकट, गोणपाटात गुंडाळलेलं एक अख्खं दार. बिल्डरने आधी पडवीत जायला दार ठेवलं असणार. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे; त्याने ते बंद करून आतून विटा लावल्या आणि बाहेरून जाळी ठोकून गिलावा मारला.

ही भिंत अण्णांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी वाजवली होती आणि रोज भरीव ठरवली होती.

"भाईरून कदी नाही वाजवली, सायेब?" मिस्त्रीने विचारलं.

"बाहेरून कोण वाजवतं, भो?" अण्णा पुटपुटले.

मिस्त्रीने पडवीतून गिलावा खरवडून काढला. "आता भिंत पाडायची का ठेवायची?" त्याने अण्णांना नाही, वहिनींना विचारलं.

"राहू द्या," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मला दार पुरे."

कडी गंजली होती. अण्णांनी बोटाचं पेर उचललं, वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि बोट खाली आलं. त्यांनी कडी ओढली. दार कुरकुरत बाहेर उघडलं आणि पडवीतला उजेड थेट ओट्यावर आला. वहिनी उठून ओट्याशी उभ्या राहिल्या. अण्णा बाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मिस्त्रीने त्या दिवशी चहा घेतला. दोन कप.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. त्यांनी भुसावळला जायचं ठरवलं. सामान आणि वहिनी मुलीबरोबर आधी गेल्या. अण्णा किल्ल्या देण्यासाठी मागे राहिले होते. त्यांना नाशिकच्या एस.टी.त बसवायला मी गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशन तिकडेच करायचं होतं. पुढच्याच थंडीत ते गेले, त्यामुळे हीच आमची शेवटची भेट.

त्यांना जागा मिळाली ती पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी. मी खाली उतरून गाडीला वळसा घालेपर्यंत गाडी सुटली. अण्णा खिडकीतून हात हलवत होते. पण मी समजून ते हात करत होते पानाच्या गादीपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका माणसाला. हात हलवता हलवता त्यांनी डोळे पुसले. तो माणूस आधी बावरला, मग त्याने हातातलं पान गादीवर ठेवलं आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तोही मनापासून हात हलवत राहिला.

मी त्याच्यापाशी गेलो. "कोण होते हो ते?" त्याने मला विचारलं.

"आमचे शेजारी."

"चांगला माणूस दिसला," तो म्हणाला आणि पान उचलून तोंडात टाकलं.