आप्पांच्या पुरचुंडीतली ज्वारी

सोलापूरच्या स्टेशनावर आप्पांनी माझ्या हातात पुरचुंडी कोंबली, तेव्हा गाडी हलायला लागली होती. मला वाटलं, शेंगदाण्याची चटणी असेल. उघडून बघते तर बियाण्याची ज्वारी, राख लावलेली. आप्पा, माझे वडील, खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पोटात घालू नगंस, बाय. मातीत घाल. तितं कनीस धरलं की तुजं घर झालं समज." आणि मग आमच्या अक्कलकोटाकडची रीत, निरोप कानडीत: "होगि बा." म्हणजे जाऊन ये. पुढं त्यांच्या धोतराचा सोगा तेवढा दिसत राहिला.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. हे सोलापुरात मिलमध्ये फिटर होते, विलायतेतल्या एका सूतगिरणीत काम मिळालं. थोडी वर्षं काढू आणि परत येऊ, असं हे म्हणाले होते.

तुम्ही गावाकडून म्हणता, लई मजा हाय की तुजी! मजा ऐका मग. काळवंडलेल्या विटांच्या घरांची रांग, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. मी कितीदा भलत्याच दाराला किल्ली लावली. हे नाइट शिफ्टला, मी खिडकीशी. भाकरीला ज्वारीचं पीठ नाही. मिळेल त्या पिठाची थापली तर हातालाच चिकटायची. पडदे लावले, देव मांडले, मागच्या अंगणाला बॅकयार्डसुद्धा म्हणायला लागले. पण घर काही होईना. आप्पा अट घालून बसले होते ना.

म्हणून गणपती झाल्यावर बॅकयार्ड खणलं आणि थोडी ज्वारी पेरली. आपल्याकडे तीच तर वेळ. पावसानं रान भिजलं की पेरायची, मग ती थंडीवर पोसते. दुसरं काही डोक्यात येणार तरी कुठून? जरा वर आली आणि एका सकाळी गोठून काळी पडली. शेजारची आयरीन म्हातारी कुंपणावरून हातवारे करून सांगत होती, इथं पेरायचं ते मे महिन्यात. आता बोला! आपल्याकडे तेव्हा रानाला भेगा पडलेल्या असतात.

पुढच्या मे महिन्यात पेरली, आणि काय सांगू, अशी तरारली की हेसुद्धा कामावरून आले की आधी मागं जाऊन बघायचे. माझ्या डोक्याच्या वर गेली. मी हौसेनं घरी कळवलं. आप्पांनी भावाकडून उलट विचारलं, कणीस कधी धरतंय? मी रोज ताटांची पोटरी चाचपायची, आत कणीस फुगतंय का म्हणून. इथं उन्हाळ्यात दिवस संपता संपत नाही, जेवणं उरकली तरी उजेड. आपली ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय कणीस धरत नाही, हे मला फार उशिरा उमगलं. आणि दिवस लहान झाले तेव्हा थंडीनं ती मारली. नुसता कडबा, कणीस एक नाही. कापून कचऱ्यात टाकताना मी ढसाढसा रडले. हे म्हणाले, "अगं, गवतच ते." त्याच हिवाळ्यात ह्यांनी ते घर विकत घ्यायचं ठरवलं. परतीचं नाव मग कुणी काढलंच नाही.

पुरचुंडीत मूठभर उरली होती. ती पेरायचा धीर होईना. आप्पा विचारत राहिले, मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिले.

मग तार आली, आप्पा गेले. ती हातात पडेपर्यंत तिकडं सावडणंही उरकलं असेल. पोरगी तान्ही होती, हे शिफ्टला. जाऊन तरी कुणाचं तोंड बघणार होते? मी पुरचुंडी सोडली, राख धुतली आणि ज्वारी तव्यावर टाकली. जुनी झालेली, लाह्या कसल्या फुटतात! तशीच करपलेली चावत बसले. एक दाणा ठेवला नाही.

आता पोरगी शाळेतून येते आणि याच दाराला होम म्हणते. तिचं खरंच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्या तुम्हाला विचारते, तुमचं झालं का हो घर? माझं तिकडचं आप्पांबरोबर गेलं. इकडचं झालंच नाही. आप्पा, तुमचं ऐकायचं होतं हो मला. मातीत धरेना, म्हणून पोटात घातली.