हवेला कुलूप

साखर कारखान्याच्या वायरलेसवर नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. वर त्यांना साक्षीदारही असतात. आमच्याकडे एकाने बटण दाबून जे बोलावं ते सतरा गट ऑफिसांत एकाच वेळी ऐकू जायचं. तेव्हा मी थापा मारतोय असं वाटलं तर कोपरगावकडच्या कुठल्याही रिटायर्ड ऑपरेटरला विचारा. तो हेच सांगेल. फक्त त्याच्या सांगण्यात शहाणा तो असेल आणि येडा मी.

नव्वदीची सुरुवात होती. मोबाईल नव्हते. बऱ्याच गावांत फोन नव्हता आणि असला तर बंद असायचा. कुठल्या फडात तोडणीची टोळी पोचली, कुठे ट्रॅक्टर रुतला, हे कळावं म्हणून कारखान्याने वायरलेस घेतला. कंट्रोल रूमचा ऑपरेटर मी, साळवे. आमच्या घरात खुर्चीवर बसून नोकरी करणारा मी पहिलाच. वडील एकदा मुद्दाम ती खुर्ची बघायला आले. "बसून बघा की," म्हटलं, तर म्हणाले, "नको, तूच बस. मी बघतो."

माझे साहेब म्हणजे मुख्य शेतकी अधिकारी शिरसाठ. आणि सतरा गट ऑफिसांपैकी सगळ्यात लांबच्या ऑफिसात बसायचा रंगनाथ. त्याला ऊस सगळा कळायचा, वायरलेस अजिबात नाही.

* * *

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. माईकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाचं बटण दाबलेलं असेल तोवर बाकी कुणालाच बोलता येत नाही. रंगनाथने बोलणं संपवून माईक टेबलावर ठेवला आणि त्यावर हजेरीचं जाडजूड रजिस्टर ठेवलं. बटण दबलेलंच राहिलं. तेवढ्यात त्याच्याकडे एक शेतकरी आला आणि शिरसाठ साहेबांचा विषय निघाला.

शिरसाठ साहेब माझ्या शेजारीच चहा घेत होते.

"मानूस वाईट न्हाई," रंगनाथचा आवाज सतरा गावांत घुमला. "पन फडात आला की बांधावरनंच बघतो. बुटाला चिखल लागंल म्हनून. आन इचारतो काय, तर ह्यो ऊस का ज्वारी?"

मी सेट बंद करायला हात पुढे केला. साहेबांनी नुसती मान हलवली. ऐकत राहिले. रंगनाथ बुटावरून साहेबांच्या टोपीवर आला, टोपीवरून मागच्या वर्षीच्या चुकलेल्या तोडणी कार्यक्रमावर. शेवटी साहेबांनी ड्रायव्हरला बोलावलं.

"जीप घेऊन जा आणि त्याला सांग, बटण सोड म्हणून."

ड्रायव्हर पळत निघाला. दारापर्यंत पोचला असेल, तर साहेबांनी त्याला परत हाक मारली.

"घाई नाही. हळू जा."

* * *

पुढच्या सीझनला खरी अडचण सुरू झाली. शेजारच्या कारखान्याने आमच्या चॅनलवर लागणारा सेट मिळवला. अमक्या गावात ऊस तयार आहे असं आम्ही बोलायचो आणि आमची टोळी पोचेपर्यंत तिथे पाचट उरलेलं असायचं. ऊस गाळपाला जिथून आत जातो ती आमची गव्हाण रिकामी पडायला लागली.

म्हणून सुभेदार आले. पाथर्डीकडचे, फौजेत सगळी नोकरी वायरलेसवर काढलेले. मिशी पांढरी, चप्पलसुद्धा पॉलिश केलेली. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, "आजपासून उघडं बोलायचं नाही. सगळं सांकेतिक. खाजगी बोलणं तर बिलकूल बंद."

रंगनाथने हात वर केला. "साहेब, माझी सासुरवाडी शिंगणापूरची. तिथं घरालाबी दार न्हाई. आन तुमी हवेला कुलूप लावायलाय."

सुभेदार म्हणाले, "सासुरवाडीत ऊस आहे का?"

"न्हाई."

"मग बस खाली."

* * *

फौजेतले इंग्रजी शब्द आमच्या लोकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून सुभेदारांनी लग्नाची भाषा काढली. ऊस म्हणजे नवरी, तोडणीची टोळी म्हणजे करवल्या, ट्रॅक्टर म्हणजे वऱ्हाड आणि कारखाना म्हणजे मांडव. गावांना नात्यांची नावं दिली. मामा, आत्या, मावशी. दहाएक दिवस झकास चाललं.

रंगनाथच्या गट ऑफिसाला लागूनच प्राथमिक शाळेच्या एक बाई राहायच्या. रंगनाथ बोलायला लागला की बाईंच्या टीव्हीवरचं चित्र थरथरायचं आणि बातम्यांच्या मध्येच त्याचा आवाज यायचा. आम्हाला याची कल्पना नव्हती. बाईंनी एके दिवशी ऐकलं ते असं:

"आत्याकडची नवरी तेरा म्हैन्याची झाली. आज रातच्याला वऱ्हाड धाडा. अजून थांबलो तर हातची जाईल."

बाई तशाच उठल्या आणि फौजदारांना घेऊन गट ऑफिसात आल्या.

फौजदारांनी रंगनाथला विचारलं, "नवरी कुठंय?"

रंगनाथ कसला पक्का. सुभेदारांनी बजावलं होतं, जीव गेला तरी अर्थ सांगायचा नाही. तो म्हणाला, "सांगता यायचं न्हाई. वरून हुकूम हाय."

"वय किती तिचं?"

"बोललो की मगाशी. तेरा म्हैने."

त्याला जीपमध्ये बसवून चौकीवर नेलं. सुभेदारांना स्वतः जाऊन अर्थ सांगावा लागला. फौजदारांना पटेना, म्हणून ते शेवटी फडात आले आणि आत्याकडच्या नवरीचं एक कांडं सोलून खाल्लं. बाईंना मात्र मी मानतो. त्या म्हणाल्या, "ऊस निघाला हे बरं झालं. पण पुन्हा असं ऐकलं तर मी पुन्हा जाणार."

* * *

संकेत किती गुप्त राहिला, तेही ऐका. पंधरा दिवसांनी एक म्हातारे शेतकरी कंट्रोल रूमच्या खिडकीशी आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "साळवे, आमच्या नवरीला तुरा आलाय. वऱ्हाड कधी येनार?"

मी विचारलं, "बाबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? रंगनाथनी गट हापिसाच्या भिताडावर कागद डकवलाय. त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई ना."

तालुक्यात ही भाषा न कळणारे शेवटपर्यंत एकटे शिरसाठ साहेबच राहिले. ते मला दर वेळी विचारायचे, "करवल्या म्हणजे आपल्या का त्यांच्या?"

* * *

मग सुभेदारांनी परवलीचा शब्द काढला. रोज नवा शब्द. समोरच्याने तो सांगितल्याशिवाय त्याला काहीही सांगायचं नाही. कल्पना उत्तम होती. फक्त तो शब्द रोज सकाळी सतरा ठिकाणी मीच कळवायचो. वायरलेसवरून. दुसरं साधनच नव्हतं.

एका सकाळी रंगनाथकडे ट्रॅक्टर किती आले ते मला हवं होतं.

"आजचा शब्द सांग," मी म्हटलं.

"आदी तुमी सांगा."

"मी कंट्रोल रूम आहे. मी कशाला सांगू?"

"तुमी कंट्रोल रूमच हाय हे मला कसं कळायचं? आवाज तर कुनीबी काढंल."

"रंगनाथ, मी साळवे बोलतोय."

"साळवे तर कुनीबी म्हनंल."

असं बराच वेळ चाललं. दोघंही हटेनात. सुभेदार माझ्यामागे उभे राहून कौतुकाने रंगनाथचं ऐकत होते. तेवढ्यात एक अनोळखी आवाज मध्ये आला. दमलेला होता बिचारा.

"आजचा शब्द 'गोदावरी' आहे. ट्रॅक्टर किती ते सांगून टाका भाऊ, आम्हालाही पुढची कामं आहेत."

* * *

आता हा शेवटचा. दुपारी तीनचा सुमार. ऊस कमी पडत होता, गव्हाण थांबायच्या बेतात होती आणि सतरा ठिकाणांहून एकच कल्ला चालला होता. तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन वाजला. नगरच्या एका दवाखान्यातून एक तरुण बोलत होता. त्याची बायको बाळंतपणाला अडली होती. डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणत होते, आणि आईशी बोलल्याशिवाय ती कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. आई शेवगावकडची, गंगूबाई. ऊसतोडीला आलेली, रंगनाथच्या गटात.

मी रंगनाथला कळवलं. तो मोटारसायकल घेऊन फडात गेला आणि गंगूबाईला घेऊन आला. तिच्या हातात कोयता तसाच होता म्हणे. तोवर तिकडे नर्सने टेबलावरचा फोन ओढून मुलीच्या कानाशी धरला होता. मी माझ्याकडचा रिसीव्हर माईकशी नेला, पण चॅनलवर इतका गोंधळ की एक अक्षर पुढे जाईना. मी ओरडून बघितलं. कुणी ऐकेना.

मागे वळलो तर सुभेदार उभे. खाजगी बोलणं बंद करणारे तेच. मी काही सांगायला गेलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते पुढे आले, माईक उचलला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळी स्टेशनं. गप्प राहा. मी सांगेपर्यंत."

सतरा सेट गप्प झाले. शेजारच्या कारखान्याचाही कुणी खोकला नाही.

मी एका हाताने रिसीव्हर आणि दुसऱ्या हाताने बटण सांभाळत होतो. आई बोलली की रिसीव्हर स्पीकरशी, मुलगी बोलली की माईकशी.

"आये," मुलगी म्हणाली.

"बोल, बाय. मी हाय." गंगूबाईचा आवाज खणखणीत होता. "जेवलीस का?"

"न्हाई. जेवू देत न्हाईत."

"आसू दे. उठलीस की जेव. डाक्टर काय म्हनत्यात ते कर."

"मला भ्या वाटतंय, आये."

"वाटू दे. मलाबी वाटलं हुतं, तुझ्या येळंला. डोळं मीट आन मी इथं बसलीया आसं समज. तुझं हुईस्तवर मी हितनं उठत न्हाई."

मग मुलगी म्हणाली, "बरं." फोन नर्सने घेतला. मुलीला आत नेलं, आणि सुभेदारांनी स्टेशनांना पुन्हा बोलायला सांगितलं.

गंगूबाई खरंच उठली नाही. रंगनाथने पाणी दिलं ते तिने तसंच ठेवलं. साडेपाचला पुन्हा फोन आला. मुलगा झाला होता, दोघं सुखरूप होते. मी ते सांगितलं तेव्हा सतराही ठिकाणांहून एकदम बटणं दाबली गेली आणि नुसती खरखर ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या एम.डी. साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी, सुभेदार आणि शिरसाठ साहेब रांगेत उभे. शिरसाठ साहेब काल दुपारभर जीपमध्ये फिरत होते, आणि जीपमध्येही एक सेट होता.

एम.डी. म्हणाले, "काल गव्हाण थांबली. त्याच वेळी वायरलेसवर सात मिनिटं कुणी कामाचा एक शब्द बोललं नाही. का?"

सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले, "सेट बिघडले होते, साहेब."

"सतराही?"

"सतराही."

एम.डी. साहेबांनी शिरसाठ साहेबांकडे बघितलं. शिरसाठ साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, आणि मग म्हणाले, "अठरा, साहेब. माझ्या जीपमधलाही."