हातांवर उभी राहिले तेव्हा
गुलालाचा वास आला की अजून ती दुपार आठवते. चाळिशीत मी हातांवर उभं राहायला शिकत होते, लेकीची पँट घालून, घरामागच्या परड्यातल्या भिंतीला टाचा टेकवून. त्या दुपारी टाचा पहिल्यांदाच भिंतीपासून सुटल्या आणि मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अगं बया, हिच्या अंगात आलं की!" मी कोसळले, सावरून उठेतोवर त्यांनी देव्हाऱ्यातला गुलाल आणून माझ्या कपाळाला फासलाही. "आत्ती, व्यायाम हाय ह्यो," मी पुटपुटले. "खेळवू नगासा आई, माझ्या गुडघ्याला गुण येतोय का न्हाय तेवढं सांगा," म्हणत त्यांनी माझे पाय धरले. मला रडूच फुटलं. देवीच रडली म्हणून त्यांनी गुडघ्याची आशा सोडली. आज त्या लंगडत समोरून गेल्या की वाटतं, तेव्हा व्हय म्हणायला पाहिजे होतं.