आईची प्रकृती उत्तम

मी सुरतेत कॉलेजात शिकत होते तेव्हाची, म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. एका प्रदर्शनात रोग ओळखणारं मशीन आलं होतं. छापील प्रश्नांची उत्तरं भरून द्यायची, मग त्यावरून कार्डाला भोकं पाडून ते मशीनमध्ये सरकवत. दिवे लुकलुकत आणि निदानाची चिठ्ठी बाहेर येई.

प्रश्न गुजरातीत होते. भाजीवाल्यांशी रोज गुजरातीत हुज्जत घालणाऱ्या आईला ती लिपी वाचता येत नव्हती, म्हणून तिचा कागद वडिलांनी भरला. ते बँकेत होते. रकाना कोरा सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. धाप लागते का? नाही. चक्कर येते का? नाही. झोप पुरेशी होते का? हो. आई शेजारीच उभी होती. तिला विचारावं हे त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही.

चिठ्ठी आली: प्रकृती उत्तम.

"बेन तो एकदम फर्स्ट क्लास छे!" मशीनवाला म्हणाला.

वडिलांनी ती चिठ्ठी देवघराशेजारी चिकटवली. पुढे आई जिना चढताना धापा टाकत मध्येच बसली की ते म्हणत, "मशीन काय खोटं बोलतं?" ती हृदयविकारानं त्याच जिन्यात गेली, तेव्हाही चिठ्ठी भिंतीवरच होती.

परवा भाची कौतुकानं सांगत होती, आता कॉम्प्युटर लाखो जुने केसपेपर वाचून आजार आधीच ओळखतो. म्हटलं, वाचू दे बापड्याला. फक्त त्यातले बायकांचे कागद कोणी भरलेत, तेवढं त्याला विचार.