गोळी जनावराच्या मापाची

काडतूस फुटतं एकदाच, त्याची गोष्ट मात्र दर बाजाराला फुटते! शिकारीचा नाद असलेल्या चार माणसांत बसून बघा, लगेच कळेल. आमच्याकडे तर या गोष्टी खरोखरच साठत होत्या, तुपाच्या एका रिकाम्या डब्यात.

मानवतला कापसाच्या आडतीमागे गोविंद पांचाळ मिस्त्रींचं दुकान होतं. पुढे बंदूकदुरुस्ती आणि काडतुसं, मागे घर. राज्य निजामाचं, परवाना सरकारी, दरसाल त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. पण दुकानातला कायदा मिस्त्रींचा! नवं काडतूस पाहिजे तर आधी जुन्याचं रिकामं खोकं, म्हणजे बार उडाल्यावर उरलेली पितळी नळी, पुढे ठेवायचं. मग मिस्त्री एकच प्रश्न विचारणार, "पडलं का?" पडलं असेल तर खोकं डब्यात आणि नवं काडतूस हातात. नेम साफ चुकला असेल तर माफ. पण जनावर घायाळ होऊन पळालं असेल, तर ते हुडकून येईपर्यंत काडतूस बंद. मग गिऱ्हाईक कोणी का असेना.

दुकानाच्या ओट्यावर आमची चौघांची बैठक असायची. एक स्वतः मिस्त्री. दुसरे राणीसावरगावचे सोपानराव देशमुख, जमीन भरपूर आणि बढाया त्याहून भरपूर. तिसरा हैबती धनगर, याच्याकडे बंदूक नव्हती, पण मेंढरांमागे फिरून सगळं रान पायाखालचं. आणि चौथा मी, ताडकळसचा शेतकरी. जवारीच्या राखणीसाठी मला एकनळी रायफलीचा परवाना मिळाला होता. गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, काळ्या रानात तेव्हा हरणांचे कळपच्या कळप फिरायचे, आणि एक कळप पिकात शिरला की दिवस उगवेपर्यंत पट्टाच्या पट्टा साफ व्हायचा.

* * *

देशमुखांनी एकदा हैदराबादहून दुनळी रायफल आणली. तिचं काडतूस माझ्या अंगठ्याएवढं जाड! ओट्यावर येऊन म्हणाले, "मिस्त्री, ह्याची पेटी मागवा."

"मागवतो की. पर कशासाठी?"

"हरणासाठी."

"एका हरणासाठी का समद्या कळपासाठी?"

देशमुख तडकले. "आमच्या इभ्रतीला शोभंल असं काडतूस पायजे!"

"इभ्रतीच्या मापाची तोफ ऱ्हाती, मालक. ती दौलताबादच्या किल्ल्यावर हाय. गोळी जनावराच्या मापाची घ्यावी."

ऐकतील ते देशमुख कसले! त्यांनी पेटी परस्पर मागवली आणि पन्नास पावलांवरून एक कोवळं काळवीट टिपलं. हैबतीने ते उचललं, तर अर्धं त्याच्या हातात आलं आणि अर्धं जमिनीवर राहिलं. आम्ही ते चादरीत बांधून राणीसावरगावला नेलं. देशमुखीणबाईंनी गाठोडं सोडून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बया! खिमा करूनच आणला व्हय? मग मसाला बी तिकडंच घालायचा!"

दुनळी त्या दिवशी खुंटीला लागली ती कायमची.

* * *

बरं, नुसत्या वजनावरही भागत नाही, टोक बघावं लागतं. कडक टोकाची गोळी आणि मऊ टोकाची गोळी. माझं म्हणणं असं की कडक टोकाची आरपार जाते, म्हणजे तीच भारी. मी हे इतक्या वेळा म्हणालो, की मिस्त्रींनी एक दिवस घराच्या छपरावरचे दोन भोपळे तोडले आणि आम्हाला गावाबाहेरच्या बांधावर नेलं.

पहिल्या भोपळ्याला कडक टोकाची गोळी. इकडून बारीक भोक, तिकडून बारीक भोक, भोपळा जागच्या जागी.

"ह्यो भोपळा अजून चार कोस पळतोय," मिस्त्री म्हणाले, "आन् तिकडं जाऊन तीन दिसांनी मरतोय."

दुसऱ्याला मऊ टोकाची. पुढून बोटाएवढं भोक आणि मागची बाजू नाहीच! "ही आत गेली की फुलती. ह्यो जागीच बसला."

आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात मिस्त्रीणबाई भोपळे शोधत बांधापर्यंत आल्या. "हरिण पळू द्या न्हाईतर बसू द्या, सांच्याला भाजी कशाची करू ते सांगा!"

* * *

तरी माणूस शिकतो का? माझ्याकडे जुनी एक कडक टोकाची उरली होती. वाया कशाला घालवायची म्हणून मी तीच घातली. पहाटे जवारीत कळप आला, मी चाप ओढला, एक हरिण अडखळलं आणि कळपाबरोबर निघून गेलं. बाजाराच्या दिवशी मी खोकं पुढे ठेवलं.

"पडलं का?"

"लागलं."

"लागलं का आसं म्या इचारलंच न्हाई. पडलं का?"

माझं डोकंच फिरलं. "मिस्त्री, तिकडं हरणं माजी जवारी खायलेत, आन् तुमी हितं मला कायदा सांगायलाव!"

"जवारी फिरून पेरता यील. ते पोटात भोक घिऊन बसलंय कुठंतरी. हुडका जा."

मी शिव्या देत निघालो, हैबती बरोबर आला. दोन दिवस आम्ही काटेरी रानात फिरलो. माझे पाय फुटले, आणि हा पुढे ताठ! वळून म्हणतो कसा, "गोळी तुमची, पाय आमचे! बरा धंदा हाय."

तिसऱ्या दिवशी ओढ्यात पळसाखाली ती सापडली. मादी होती. मरून काही तास झाले असतील, डोळे उघडेच होते. मी तिथेच खाली बसलो. मला वाईट वाटलं, आणि आजही ते आठवलं की वाटतं. त्यानंतर कडक टोकाची गोळी मी हरणासाठी कधी हातात धरली नाही.

* * *

एक अमीनसाहेब होते, पोलिसांचे. त्यांनी कोणाकडून तरी काडतुसं भेट म्हणून घेतली, ती त्यांच्या रायफलीत शिरेनात. शिपायाला बरोबर घेऊन ते दुकानात आले आणि हुकूम सोडला, "कारतूस नहीं जाता तो नली बडी करो!"

मिस्त्रींनी रायफल उलटसुलट करून बघितली. "जूता काटा तो पाँव नक्को छीलो, साब. जूता बदलो."

शिपाई हसला, तेच वाईट झालं. अमीनसाहेबांनी मिस्त्रींना दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. दिवस मावळताना ते परत आले, आम्ही घाबरून ओट्यावरच थांबलो होतो. देशमुखांनी विचारलं, "काय केलं हो तिथं तुमाला?"

"मला कोण काय करतंय! चौकीतल्या बंदुका पुसून काढल्या. लय घाण होती!"

* * *

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वेळी दुय्यम तालुकदार, म्हणजे कलेक्टरच्या खालोखालचा अधिकारी, म्हणून एक साहेब आले. नाव कशाला, गेले ते. मिस्त्रींचा परवाना दरसाल त्यांच्याच सहीने पुढे चालायचा. साहेब ताडकळसला शिकारीला आले, मोटारीतून. हाका घालून जनावरं उठवायला आमच्या गावची माणसं वेठीला धरली होती, त्यांत मी आणि हैबतीही होतो. साहेबांच्या हातात भली मोठी रायफल, आत कडक टोकाची गोळी. हुद्दा मोठा, म्हणून काडतूस मोठं! एक काळवीट कळपातून वेगळं झालं, साहेबांनी बार काढला आणि ते पोट चोरत बाभळींकडे गेलं.

हैबती हात जोडून पुढे झाला. "साब, पोटात लागली. आत्ता मागं गेलं तर घावंल."

"एक हरन के पीछे कौन दौडता? दूसरा निकालो," साहेब म्हणाले आणि फराळाला बसले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आम्ही ओट्यावर बसलो असताना साहेबांचा चपराशी मिस्त्रींकडे काडतुसं घ्यायला आला. रिकामं खोकंही त्याने आणलं होतं, दुकानाची रीत त्याला माहीत होती. मिस्त्रींनी विचारलं, "पडलं का?" चपराशी चाचरला. "अहो, साहेबांचं हाय ते."

"साहेबांचं हाय म्हनूनच इचारायलोय."

तासाभराने साहेबच मोटार घेऊन दुकानासमोर आले. देशमुख उठून उभे राहिले, मीही उठलो. मिस्त्री कानस हातात धरून बसूनच होते.

"मालूम है मैं कौन हूँ?"

"मेरेकू मालूम है, साब. गोली खाया सो हरन कू नहीं मालूम."

त्याच दुपारी दुकानाला लाखेचं सील लागलं आणि परवाना रद्द झाला.

मिस्त्रींनी काठी उचलली. "चल रे हैबती, ते हुडकू." मीही रायफल घेऊन निघालो. शिकारीच्या तिसऱ्या दिवशी बाभळीच्या जाळीत काळवीट दिसलं, अजून जितं! आम्हाला बघून उठायला गेलं आणि पुन्हा खाली बसलं. मिस्त्रींचे हात रिकामे होते, त्यांची सगळी काडतुसं सिलामागे. मी माझी रायफल पुढे केली, मऊ टोकाची एक गोळी भरून. जन्मभर बंदुका दुरुस्त केलेल्या त्या माणसाला जनावरावर बार काढताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नंतर त्यांनी तोंड फिरवलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

रिकामं खोकं त्यांनी टोपीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन ते चपराशाच्या हातात दिलं.

"साहेबांना सांग, पडलं. आता नवं काडतूस देता यील. दुकान तेवढं उघडा म्हनावं!"

* * *

दुकान काही उघडलं नाही. चार वर्षं गेली. मिस्त्री कुळवाच्या फासा आणि विळे करू लागले, पण त्या कामाला मानवतमध्ये दुसरेही लोहार होते. मिस्त्रीणबाई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागल्या. बोंडांनी त्यांची बोटं फाटायची, संध्याकाळी त्या तेल लावत ओट्याच्या कडेला बसायच्या. ते बघून आम्हालाच लाज वाटायची.

देशमुख एकदा समजावायला गेले. "मिस्त्री, माफीचा एक अर्ज करा. म्या सोता शब्द टाकतो."

"करतो की. पर अर्जात चूक कुनाची लिहू, मालक? हरणाची?"

बैठक मात्र मोडली नाही. लोक येत राहिले, खोकी दाखवत राहिले, आणि मिस्त्री रिकाम्या हाताने सांगत राहिले, कोणत्या जनावराला कोणतं टोक, किती पावलांवरून. कोणी म्हणालं, "मिस्त्री, परवाना गेला की तुमचा!" तर म्हणायचे, "काडतुसाचा गेला. जिभीचा कुटं घेतला होता?"

* * *

मग निजामाचं राज्य गेलं. त्याच हिवाळ्यात नवे साहेब आले. टोपी वेगळी, मोटारीच्या जागी जीप, आणि बोलणं मराठी! मिस्त्रींची हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. एका सकाळी ते स्वतः दुकानाशी आले आणि स्वतःच्या हाताने सिलाची लाख फोडली. आम्ही चौघेही हजर होतो. देशमुखांनी पेढे आणले होते. मिस्त्रीणबाई कामावर जायच्या थांबून दारात उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

साहेबांनी परवान्याचा कागद मिस्त्रींपुढे ठेवला. "मिस्त्री, तुम्ही त्या जुलमी अधिकाऱ्यापुढे झुकला नाहीत. आम्हाला तुमचा अभिमान आहे. हा घ्या तुमचा परवाना, फक्त माझी सही राहिली आहे."

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि हसत म्हणाले, "मात्र बोहनी आमच्यापासून करायची हं! उद्या ताडकळसला हरणाच्या शिकारीला चाललोय. ती वरच्या फळीवरची मोठी काडतुसं द्या, कडक टोकाची. आमच्या पदाला शोभली पाहिजेत!"

देशमुख पेढ्यांच्या पुड्याकडे बघत बसले. हैबतीने माझा दंड धरला. मिस्त्रींनी कागदाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, आणि मग दाराकडे, बायकोकडे.

मिस्त्रीणबाईंनी डोळे पुसले. खुंटीवरची कापूस वेचायची झोळी काढली आणि खांद्याला लावली.

मिस्त्री हसले. कागद दोन बोटांनी साहेबांकडे परत सरकवला.

"साहेब, राज बदललं. हरिण तेवढंच हाय."